जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी: लाकडाची नव्हती, पण नीट बसतही नव्हती

एक काम करा. फोनवर एक डॉलरच्या नोटेचा फोटो काढा आणि मधल्या चेहऱ्यावर झूम करा. हे जॉर्ज वॉशिंग्टन, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आता त्यांच्या तोंडाकडे बघा. ओठ घट्ट मिटलेले, ओठांच्या आजूबाजूचा भाग जरा फुगलेला, जणू तोंडात काहीतरी धरून ठेवलंय.

खरंच धरून ठेवलं होतं. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये हे मूळ चित्र काढलं, तेव्हा वॉशिंग्टन यांच्या तोंडात पूर्ण कवळी होती आणि ती त्यांना नीट बसत नव्हती.

त्यांचे दात लाकडाचे होते ही गोष्ट तुम्ही एखाद्या फॉरवर्डमध्ये वाचली असेल. ती चुकीची आहे. खरी गोष्ट जास्त इंटरेस्टिंग आहे आणि तिच्यात एक प्रश्न दडलाय: देशातला सगळ्यात ताकदवान माणूस, हाताशी पैसा, त्या काळातले चांगले डॉक्टर, तरी साधी मापाची कवळी का मिळू नये? या लेखात मी वॉशिंग्टन यांचं आयुष्य त्यांच्या दातांच्या बाजूने सांगणार आहे. शेवटी आजचं थ्रीडी स्कॅनिंग आणि तुमच्या घरातल्या आजी-आजोबांची कवळी, इथपर्यंत येऊ.

२४ व्या वर्षी पहिला दात गेला

वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ चा, व्हर्जिनियातला. अंगाने उंच, धिप्पाड. वयाच्या १७ व्या वर्षी सरकारी भूमापक म्हणून काम सुरू केलं, जंगलं तुडवत जमिनी मोजल्या. घोड्यावर तर इतके पटाईत की लोक बघत राहायचे. तब्येतीत एकच जागा कच्ची होती, ती म्हणजे दात.

त्यांना हिशेब लिहून ठेवायची सवय होती, त्यामुळे आपल्याला बऱ्याच गोष्टी कळतात. १७५६ मध्ये, म्हणजे २४ व्या वर्षी, त्यांनी वॉटसन नावाच्या डॉक्टरकडून एक दात काढून घेतला आणि ५ शिलिंग दिले. त्यानंतर त्यांच्या वह्यांत आणि पत्रांत हा विषय सारखा येतो: दातदुखी, सुजलेल्या हिरड्या, दंतमंजन, ब्रश, दात साफ करायची औषधं. म्हणजे माणूस निष्काळजी नव्हता, काळजी घेत होता. पण त्या काळात किडलेल्या दातावर मुख्य इलाज एकच, उपटून टाकणे. आणि एक दात गेला की शेजारच्यांवर ताण येतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. वय ५७. तोंडात स्वतःचा दात उरला होता फक्त एक, खालच्या जबड्यातला.

युद्धाच्या मधोमध दात घासायच्या सामानाची ऑर्डर

१७७५ मध्ये ते ब्रिटिशांविरुद्धच्या सैन्याचे सरसेनापती झाले. आठ वर्षं तंबूत, छावणीत, बर्फात काढली, आणि दातांचं दुखणं सोबत होतंच.

मे १७८१ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातल्या डॉ. बेकर या दंतवैद्यांना पत्र लिहिलं. दात खरवडून साफ करायची हत्यारं पाठवा, कारण माझं इतक्यात तिकडे येणं होईल असं दिसत नाही, असा साधारण मजकूर. ही डाक ब्रिटिशांच्या हाती लागली! आज ते पत्र अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात, ब्रिटिश सेनापती हेन्री क्लिंटन यांच्या कागदपत्रांत जपून ठेवलेलं आहे.

क्लिंटन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि वॉशिंग्टन आपल्यावरच चालून येणार अशी त्यांना धास्ती होती. वॉशिंग्टन इतक्यात फिलाडेल्फियाकडे जात नाहीत, हे वाचून त्या समजुतीला बळच मिळणार. पुढे काही महिन्यांतच सैन्य फिलाडेल्फियावरून खाली यॉर्कटाऊनला गेलं आणि ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश फौजेने तिथे शरणागती पत्करली. एका खासगी पत्राने युद्ध जिंकलं असं मी म्हणणार नाही. पण सेनापतीचा दातांचा त्रास शत्रूच्या टेबलापर्यंत पोचला, हे मात्र खरं.

मग कवळी होती कशाची?

वॉशिंग्टन यांनी आयुष्यात एकापेक्षा जास्त कवळ्या वापरल्या. त्यांपैकी एक पूर्ण, वरखाली दोन्ही भाग असलेली कवळी त्यांच्या माउंट व्हर्नन या घराच्या संग्रहालयात आजही आहे. वेगवेगळ्या कवळ्यांमध्ये जे सामान वापरलं गेलं ते असं:

- पाणघोड्याचं आणि हत्तीचं हस्तिदंत
- माणसांचे खरे दात
- गाय, घोडा अशा जनावरांचे दात
- शिसं, पितळ, सोनं, चांदीचे मिश्रधातू
- स्टीलच्या स्प्रिंगा

लाकूड या यादीत कुठेच नाही. मग ती गोष्ट आली कुठून? हस्तिदंत वापरून वापरून पिवळं-तपकिरी पडतं, त्याला बारीक भेगा जातात आणि त्या भेगांत डाग बसले की ते हुबेहूब लाकडाच्या रेषांसारखं दिसतं. बघणाऱ्यांना लाकूड वाटलं, झालं.

त्यांचे सगळ्यात आवडते दंतवैद्य होते न्यूयॉर्कचे जॉन ग्रीनवूड. हा माणूस लहान वयात वॉशिंग्टन यांच्याच बाजूने सैन्यात बासरी वाजवायच्या कामावर होता. पुढे दंतवैद्य झाला. पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र बनवण्याचं श्रेयही त्याला दिलं जातं. १७८९ मध्ये त्याने वॉशिंग्टन यांच्यासाठी खालची कवळी बनवली, पाणघोड्याच्या हस्तिदंतावर माणसाचे दात बसवून. त्या कवळीला एक भोक ठेवलं होतं, कशासाठी? तो शिल्लक राहिलेला एकमेव दात त्यातून वर येण्यासाठी.

कल्पना चांगली होती, कवळीला खुंटी मिळाली. पण बोलताना, चावताना अख्ख्या कवळीचा झोका त्या एका दातावर. १७९६ मध्ये तोही काढावा लागला. ग्रीनवूडने तो दात आठवण म्हणून एका छोट्या डबीत जपून ठेवला.

हिशेबातली ९ दातांची नोंद

इथे थोडं थांबायला हवं. कवळीत माणसांचे दात होते म्हटलं, मग ते यायचे कुठून? त्या काळी दंतवैद्य गरजू लोकांकडून पैसे देऊन दात विकत घ्यायचे. वर्तमानपत्रात तशा जाहिरातीही यायच्या.

मे १७८४ मध्ये वॉशिंग्टन यांच्या हिशेबात एक नोंद आहे. काळ्या लोकांना ९ दातांबद्दल ६ पौंड २ शिलिंग दिले, फ्रेंच दंतवैद्य ल मेयर यांच्या खात्यावर. हे लोक म्हणजे गुलाम. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर ३०० पेक्षा जास्त गुलाम राबत होते. दाताला दिलेली किंमत बाजारात जाहिरातीत मिळायची त्यापेक्षा कमी होती.

त्या ९ दातांपुढे कोणाचंच नाव लिहिलेलं नाही. पैसे दिले म्हणून हा सौदा होत नाही, कारण ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्याकडून घेतलेल्या गोष्टीला विकत घेणं म्हणता येणार नाही. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांना पत्नीच्या पश्चात मुक्त करण्याची तरतूद केली, हेही खरं. पण त्यांच्या दातांची गोष्ट सांगताना ही नोंद गाळली तर गोष्ट अर्धीच राहते.

एवढं करून ती बसत का नव्हती?

आता टेक्निकल भाग, पण सोपा आहे. तीन कारणं आहेत.

१. माप घ्यायची पद्धत. हिरडी म्हणजे सपाट पट्टी नाही. तिला चढउतार आहेत, काही भाग मऊ, काही कडक. तेव्हा दंतवैद्य मेणात ठसा घ्यायचे, कंपासने अंतर मोजायचे आणि हस्तिदंत हाताने कोरून जुळवायचे. जरासा फरक राहिला की जिथे उंचवटा तिथे टोचणार. शिवाय वॉशिंग्टन माउंट व्हर्नन किंवा फिलाडेल्फियात, ग्रीनवूड न्यूयॉर्कमध्ये. कवळ्या चक्क पार्सलने जायच्या-यायच्या आणि दुरुस्तीच्या सूचना पत्रातून. ट्रायल न घेता शिंप्याकडून कपडे शिवून घेण्यासारखंच.

२. धरून ठेवायची पद्धत. आजची चांगली कवळी कशी चिकटते माहितीये? फोनला स्क्रीनगार्ड लावताना आठवा. काच अगदी सपाट बसली की घट्ट धरते, मध्ये कण राहिला की फुगा. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा पातळ थर असतो, त्या थरामुळे कवळी जागेवर राहते. पण त्यासाठी माप तंतोतंत हवं. १८ व्या शतकात ते जमत नव्हतं, म्हणून वरच्या आणि खालच्या कवळीला मागून स्प्रिंगा जोडायचे. स्प्रिंग वरची कवळी टाळूकडे आणि खालची खाली ढकलत राहायची. म्हणजे तोंड मिटून ठेवायचं तर माणसाने दिवसभर जबड्याचा जोर लावायचा! डॉलरच्या नोटेवरचे ते घट्ट मिटलेले ओठ आता परत बघा.

३. बदलत जाणारा जबडा. हे सगळ्यात महत्त्वाचं. दाताच्या मुळातून जबड्याच्या हाडाला चावण्याचा ताण मिळतो, त्यावर ते हाड टिकून असतं. दात गेला की शरीराला वाटतं या हाडाचं काम संपलं, आणि हाड झिजायला लागतं. सुरुवातीच्या महिन्यांत वेगाने, मग हळूहळू, पण थांबत नाही. खालच्या जबड्यात ही झीज जास्त. फोन दर वर्षी थोडा थोडा आकसत गेला तर त्याचं कव्हर जसं सैल होत जाईल, तसं कवळीचं होतं. कवळी तीच राहते, तोंड बदलतं.

तिसऱ्या कारणाला पैसा आणि सत्ता दोन्हींकडे उत्तर नव्हतं. आज बरोबर बसणारी कवळी दोन वर्षांनी चुकणारच होती.

न बसणाऱ्या कवळीने काय काय नेलं

चेहरा. डिसेंबर १७९८ मध्ये वॉशिंग्टन यांनी ग्रीनवूडला लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे की कवळी रुंद आहे, पुढे येते, त्यामुळे दोन्ही ओठ सुजल्यासारखे फुगतात. ६६ वर्षांचा, दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस आपल्या ओठांबद्दल असं लिहितो, यावरून त्याला ते किती खुपत असेल बघा.

खाणं. त्यांच्या घरच्यांनी सांगितलेला सकाळचा नाश्ता म्हणजे मक्याच्या पिठाची धिरडी, लोण्यात आणि मधात भिजवलेली. आवड होतीच, पण चावायला लागत नाही हाही फायदा होता.

बोलणं. मार्च १७९३ मधलं त्यांचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण फक्त १३५ शब्दांचं होतं. आजपर्यंतचं सगळ्यात छोटं. १७९६ मध्ये पद सोडताना देशाला दिलेला प्रसिद्ध निरोप तर त्यांनी उभं राहून वाचलाच नाही, वर्तमानपत्रात छापायला दिला. यामागे फक्त दात होते असं ठरवून टाकणं बरोबर नाही, मुळात ते कमी बोलणारेच. पण तोंड उघडलं की स्प्रिंग उसळणार ही धास्ती असलेला माणूस लांब भाषण कशाला करेल?

वास आणि रंग. हस्तिदंताला खऱ्या दातासारखं कडक आवरण नसतं. ते रंग आणि ओल शोषून घेतं, कुजतं, वास मारतं. एकदा कवळी काळी पडून दुरुस्तीला आली तेव्हा ग्रीनवूडने कारण कळवलं: पोर्ट वाइन. जेवणानंतर काढून स्वच्छ पाण्यात ठेवत जा, असाही सल्ला दिला. हा सल्ला आजही तसाच लागू आहे.

१४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या आजाराने वॉशिंग्टन गेले. वय ६७. त्याच्या जेमतेम एक वर्ष आधीपर्यंत कवळीच्या दुरुस्तीची पत्रं चालूच होती.

२०० वर्षांनी लेझर स्कॅन

आता गोष्ट आपल्या काळात येते. २००५ च्या सुमारास माउंट व्हर्ननला वॉशिंग्टन यांचे तीन वयांतले हुबेहूब पुतळे बनवायचे होते: १९ वर्षांचे, ४५ वर्षांचे आणि ५७ वर्षांचे. तरुणपणीचं खात्रीचं चित्रच नाही, मग चेहरा ठरवायचा कसा?

संशोधकांनी त्यांचे अर्धपुतळे आणि कवळ्या लेझरने स्कॅन केल्या. लेझर स्कॅनर वस्तूवर प्रकाशाची रेघ फिरवतो, ती रेघ कुठे किती वाकते यावरून लाखो बिंदूंची जागा मोजतो आणि कॉम्प्युटरमध्ये थ्रीडी मॉडेल तयार होतं. वस्तूला हातही लावायला नको. कवळीच्या मापावरून जबडा किती झिजला असेल याचा अंदाज घेतला, मग उलटं मागे जाऊन दात असतानाचा जबडा आणि तरुण चेहरा उभा केला. लाकूड नाही, याला या तपासणीने पुन्हा दुजोरा मिळाला.

म्हणजे जी कवळी कधी नीट बसली नाही, तिनेच त्यांचा खरा चेहरा शोधायला मदत केली.

आज काय बदललं, काय नाही

- साहित्य: १८५० च्या दशकात कडक रबराच्या कवळ्या आल्या. ते रबर साच्यात घडवता यायचं, त्यामुळे फिटिंग एकदम सुधारलं आणि स्वस्तही झालं. १९३० च्या दशकाच्या शेवटी ॲक्रिलिक आलं, आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच.
- माप: आता अनेक दवाखान्यांत पेनसारखा स्कॅनर तोंडात फिरवतात. फाइल लॅबमध्ये जाते, तिथे यंत्राने कोरून किंवा थ्रीडी प्रिंटरवर कवळी तयार होते. हरवली, तुटली तर फाइल आहेच, परत प्रिंट काढता येते.
- धरून ठेवणं: जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवून त्यावर कवळी अडकवता येते. हाडाला थोडा ताण मिळत राहतो, म्हणून झीजही कमी होते.

पण हाड झिजणं थांबलेलं नाही. स्कॅन कितीही अचूक असला तरी तो त्या दिवसाच्या तोंडाचा असतो. म्हणून कवळी ही एकदा बसवून विसरायची वस्तू नाही. तिलाही अपडेट लागतो. डॉक्टर आतल्या बाजूला नवीन थर देऊन ती पुन्हा मापात आणतात, याला रिलाइनिंग म्हणतात. फार जुनी असेल तर नवीनच करावी लागते.

घरी काय बघाल?

आपल्याकडे आजी-आजोबा त्रास सांगत नाहीत. वय झालं, चालायचंच, म्हणून गप्प बसतात. तेव्हा तुम्हीच लक्ष ठेवा:

- जेवताना किंवा बोलताना कवळीचा टकटक आवाज येतो का?
- भाकरी, सफरचंद, शेंगदाणे बंद होऊन सगळं मऊ भात-वरणावर आलंय का?
- कवळी खिशात किंवा वाटीतच जास्त असते आणि पाहुणे आले की तेवढी लावतात का?
- हिरडीवर फोड, ओठांच्या कोपऱ्यात चिरा, टाळूवर लालसर चट्टे आहेत का?
- कवळी चिकटवायची पावडर किंवा क्रीम आधीपेक्षा जास्त लागते का?

यातलं काही दिसलं तर दंतवैद्याकडे घेऊन जा. तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर अजिबात थांबू नका. घरी कानशीने किंवा ब्लेडने कवळी घासू नका, एका जागी कमी झाली की दुसऱ्या जागी टोचते. रात्री काढून, साफ करून स्वच्छ पाण्यात ठेवायला सांगा. पाणी गरम नको, ॲक्रिलिक वाकडं होऊ शकतं.

आणि घरातलं एखादं माणूस हल्ली कमी बोलतंय, फोटोत हसत नाहीये, लग्नाच्या पंगतीला नको म्हणतंय असं वाटलं, तर स्वभाव बदलला असं समजण्याआधी एकदा कवळी नीट बसते का ते विचारा. वॉशिंग्टन यांना दुरुस्तीसाठी कवळी पार्सलने न्यूयॉर्कला पाठवून आठवडे वाट बघावी लागायची. तुम्हाला फोनवरून अपॉइंटमेंट घ्यायची आहे आणि आजोबांना सोबत न्यायचं आहे, एवढंच.